शंखवाळकर, ब्रह्मानंद

(६ मार्च १९५४ – ). भारतीय फुटबॉल संघाचे माजी संघनायक व गोमंतकातील एक श्रेष्ठ गोलरक्षक. जन्म गोव्यातील तिसवाडी तालुक्यातील ताळगाव येथे. आडनाव मुरगाव तालुक्यातील सांकवाळ ऊर्फ शंखवाळ या गावावरून आलेले. साळगावकर स्पोर्ट्स क्लबकडून ते १९७४ ते १९९१ पर्यंत खेळले व १९८३–८६ या काळात त्यांनी राष्ट्रीय संघाचे नेतृत्व केले. भारतीय फुटबॉलचा सारा व्यवहार कलकत्त्याभोवती केंद्रित झालेला असताना, आपला प्रांत व आपला क्लब न सोडता राष्ट्रीय संघनायकत्वापर्यंत पोहोचलेला खेळाडू म्हणून त्यांच्या कारकीर्दीला क्रीडेतिहासात स्वतंत्र महत्त्व आहे.

या कारकीर्दीचे मोल समजण्यासाठी गोमंतकातील फुटबॉलची घडण ध्यानात घेतली पाहिजे. बार्देश तालुक्यातील शिवोली येथे विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मोपदेशकाने १८८३ मध्ये हा खेळ आणला, असे मानण्यात येते. तेथून तो चर्चच्या शाळांत व त्यांच्यामार्फत गावोगावच्या तरुणांत पसरला. भाताची कापणी झाली, की मोकळी झालेली शेते हीच गोव्यातील मुलांची मैदाने होत. फुटबॉल हा ख्रिस्ती समाजाचा खेळ, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली; ती अर्धीच खरी आहे. खेळाचा उगम चर्चच्या आवारात झाला असला, तरी गोव्यातील मोठे क्लब ज्यांच्या पैशावर उभे राहिले, ते खाणमालक बहुतांशी हिंदू होते, आणि मैदानावरील संघांत दोन्ही समाजांचे खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळत. ताळगावच्या शेतांपासून भारताच्या संघनायकत्वापर्यंतचा शंखवाळकरांचा प्रवास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याचा भारतीय स्पर्धांशी संबंध जवळजवळ नव्हता. गोवा फुटबॉल संघटना १९५९ मध्ये स्थापन झाली, ती पोर्तुगीज अंमलाखालीच. त्या काळी मोठे मैदान गाठण्याची इच्छा असणाऱ्या गोमंतकीय खेळाडूला मुंबईची वाट धरावी लागे. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. त्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे मूळचे गोमंतकीय. पण त्यांची ओळख मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचे खेळाडू अशीच होती. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. जाकार्ता येथील १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील फोर्तुनातो फ्रँको हेही जन्माने गोव्याचे, आणि त्यांचेही नाव मुंबईतच घडले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तेव्हा तेथे खेळाडू होते, प्रेक्षक होते, परंतु त्यांना राष्ट्रीय संघापर्यंत नेणारी वाट नव्हती. पुढील वीस वर्षांत ती हळूहळू तयार झाली.

ती तयार करण्यात लोहखनिजाच्या व्यापाराचा वाटा सर्वांत मोठा. १९५० नंतर गोव्यातील खनिज मोठ्या प्रमाणावर जपानकडे निर्यात होऊ लागले व त्या व्यापारात वर आलेल्या घराण्यांनी फुटबॉलला आश्रय दिला. वासुदेव महादेव साळगावकर यांनी १९५६ मध्ये वास्को येथे साळगावकर क्लब स्थापन केला. धेंपो व सेझा गोवा हे क्लबही अशाच उद्योगसमूहांच्या आधाराने उभे राहिले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. त्यांच्या नावाने १९७० मध्ये सुरू झालेल्या बांदोडकर सुवर्ण करंडक स्पर्धेमुळे कलकत्ता, पंजाब, मुंबई येथील नामवंत संघ गोव्यात येऊ लागले. बलाढ्य संघांचा खेळ पाहण्याची व त्यांच्याशी झुंजण्याची संधी गोमंतकीय तरुणांना त्यामुळे घरबसल्या मिळाली. शंखवाळकरांची पिढी नेमकी याच वेळी वयात आली.

या क्लबांतील खेळाडूंना व्यावसायिक म्हणावे की हौशी, हा प्रश्न तेव्हा मुद्दामच अनिर्णित ठेवला जाई. कागदोपत्री ते एखाद्या कंपनीचे, गोदीचे वा बँकेचे नोकर असत. प्रत्यक्षात त्यांची मिळकत त्यांच्या खेळावर अवलंबून असे. कलकत्त्यात मात्र दरवर्षी खेळाडूंच्या बदल्यांचा मोठा बाजार भरे व ईस्ट बेंगॉल, मोहन बागान व मोहमेडन स्पोर्टिंग हे तीन क्लब देशभरातून खेळाडू उचलत. ही अर्धव्यावसायिक अवस्था भारतापुरतीच होती असे नाही. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत पीटर विल्सन यांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघातील बहुतेक खेळाडूही अन्य नोकऱ्या सांभाळून खेळत होते. फरक इतकाच, की ऑस्ट्रेलियात १९७७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. भारताला त्यासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले. शंखवाळकरांची उमेदीची सारी वर्षे या दोन तारखांच्या दरम्यान गेली. राष्ट्रीय पातळीवरील नियमित साखळी सामने त्यांच्या वाट्याला आले नाहीत. वर्षाकाठी होणाऱ्या चार-सहा बाद पद्धतीच्या स्पर्धा आणि गोव्यातील लीग एवढ्यावरच त्या काळातील गोमंतकीय खेळाडूचे नाव होई अथवा जाई.

पणजी परिसरातील एका लहान क्लबातून त्यांनी खेळास प्रारंभ केला. विसाव्या वर्षी ते साळगावकर क्लबात आले आणि पुढील सतरा वर्षे तेथेच राहिले. बदल्यांच्या बाजाराच्या काळात एका क्लबाशी इतकी दीर्घ निष्ठा विरळाच आढळते.

गोलरक्षकाचे काम त्या काळी आजच्यापेक्षा काही बाबतींत सोपे व काही बाबतींत फार कठीण होते. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू हातात धरण्यास १९९२ पर्यंत मनाई नव्हती. त्यामुळे आघाडी टिकविणाऱ्या संघाला गोलरक्षक हा हुकमी विसावा असे. उलटपक्षी मैदाने खडबडीत असत. गोव्यातील तांबडी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते आणि पावसात तिचा चिखल होतो. अशा जमिनीवर झेप घेणे म्हणजे कोपर, गुडघे सोलवटून घेणेच होते. ७.३२ मी. रुंद व २.४४ मी. उंच अशा चौकटीचे रक्षण करताना शरीराच्या उंचीइतकीच पावलांची जागा महत्त्वाची असते. चेंडू मारला जाण्यापूर्वीच योग्य कोनात उभा राहिलेल्या गोलरक्षकाला झेप घ्यावी लागत नाही, आणि म्हणूनच त्याचे कौशल्य प्रेक्षकांच्या नजरेत सहसा भरत नाही. आघाडीच्या खेळाडूचे गोल वृत्तपत्रांतून मोजले जात. अडविलेल्या फटक्यांची नोंद ठेवण्याची पद्धत भारतात तेव्हा नव्हती. शंखवाळकरांच्या बाबतीत मात्र एक आकडा नोंदला गेला, आणि तो संतोष करंडक स्पर्धेतील आहे.

संतोष करंडक ही राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९४१ मध्ये सुरू झाली. तीवर प्रारंभापासून बंगालचे वर्चस्व होते. मुंबईने १९५४ च्या हंगामात व महाराष्ट्राने १९६३–६४ मध्ये ती जिंकली होती. गोव्याला मात्र ती दीर्घकाळ हुलकावणी देत राहिली. श्रीनगर येथे १९७८–७९ मध्ये गोवा प्रथम अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि बंगालकडून एका गोलाने हरला. १९८२–८३ ची स्पर्धा खुद्द कलकत्त्यात होती. अंतिम सामन्यात पुन्हा बंगाल व गोवा हेच प्रतिस्पर्धी. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. फेरसामनाही तसाच सुटला आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. कलकत्त्याच्या प्रेक्षकांसमोर बंगालच्या आघाडीला दोन सामन्यांत एकही गोल करू न देणे, ही त्या काळी अशक्यप्राय वाटणारी गोष्ट होती. संयुक्त विजेतेपदाचा निर्णय अनेकांना अपुरा वाटतो. परंतु गोव्याच्या दृष्टीने पाहिल्यास विजयाइतकेच त्याचे मोल होते, कारण बंगालला त्याच्याच घरी रोखता येते हे त्यामुळे सिद्ध झाले.

पुढील वर्षी, १९८३–८४ मध्ये, ही स्पर्धा मद्रास येथे झाली. तीत गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबवर १–० असा विजय मिळवून प्रथमच निर्भेळ अजिंक्यपद पटकावले. विजयी गोल कामिलो गोन्साल्विस यांचा; पण त्या स्पर्धेतील गोव्याचा खरा विक्रम दुसऱ्या टोकाला घडला. शंखवाळकरांनी ५७६ मिनिटे, म्हणजे सहा पूर्ण सामन्यांहूनही अधिक काळ, आपल्या चौकटीत चेंडू जाऊ दिला नाही. बाद पद्धतीच्या सामन्यांत एका क्षणाच्या चुकीने स्पर्धा संपते, हे लक्षात घेता या आकड्याचे महत्त्व कळून येते. अर्थात असा विक्रम एकट्या गोलरक्षकाचा कधीच नसतो. गोव्याची बचावफळीही त्या काळी देशातील भक्कम फळ्यांपैकी एक होती. गोवा त्यावेळी राज्यही नव्हते, तर दमण व दीव यांसह एक केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा त्याला ३० मे १९८७ रोजी मिळाला. १९८१ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सु. दहा लाख होती, तर पश्चिम बंगालची पाच कोटींहून अधिक. या तुलनेमुळे गोव्यातील त्या विजयोत्सवाचे कारण अन्य प्रांतीयांस उमजू शकेल.

याच सुमारास राष्ट्रीय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. गोलरक्षकाने संघनायक व्हावे की नाही, याविषयी फुटबॉलमध्ये जुना वाद आहे. मैदानाच्या एका टोकाला उभा असलेला खेळाडू पंचांशी बोलू शकत नाही व आघाडीला सूचना देऊ शकत नाही, असा एक पक्ष. सर्व खेळ समोरून पाहणारा तोच एकटा असतो, असा दुसरा. इटलीने १९८२ चा विश्वचषक चाळीस वर्षांच्या दीनो झॉफ या गोलरक्षकाच्या नेतृत्वाखाली जिंकल्यावर दुसऱ्या पक्षाला बळ आले. भारतातही त्याच वर्षी दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भास्कर गांगुली हे गोलरक्षकच संघनायक होते. गांगुली ईस्ट बेंगॉलच्या परंपरेतले. त्यांच्या पाठोपाठ ही जबाबदारी कलकत्त्याबाहेरील क्लबात खेळणाऱ्या गोलरक्षकाकडे जावी, यातून निवड समितीची नजर रुंदावल्याचे दिसते. तथापि संघनायकत्व तेव्हा एखाद्याकडे अखंड नसे. स्पर्धेगणिक संघ व त्याबरोबर संघनायकही बदलत.

भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने ही वर्षे मोठ्या धडपडीची होती. नेहरू सुवर्ण चषक स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली आणि उरुग्वाय, हंगेरी, पोलंड, अर्जेंटिना, सोव्हिएट रशिया यांसारख्या देशांचे संघ कलकत्ता, कोचीन, त्रिवेंद्रम येथे येऊन खेळले. यूगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच यांची राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. भारत १९८४ मध्ये सिंगापूर येथील आशिया चषकाच्या अंतिम फेरीस पात्र ठरला. तेथे इराणशी साधलेली गोलशून्य बरोबरी एवढेच त्याच्या पदरात पडले. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत भारत १९८५ मध्ये प्रथमच उतरला व इंडोनेशिया, थायलंड, बांगला देश यांच्या गटात इंडोनेशियाखालोखाल दुसरा आला. निकाल पाहता हा उत्कर्षकाळ म्हणता येत नाही. १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके तेव्हा आठवणीत जमा झाली होती आणि व्यावसायिक लीग असलेले आशियाई देश वेगाने पुढे निघून गेले होते. बहुधा बचावावरच भिस्त ठेवून खेळणाऱ्या अशा संघात गोलरक्षकावर पडणारा भार किती असेल, याची कल्पना करता येते.

साळगावकर क्लबला अखिल भारतीय यश काहीसे उशिरा मिळाले. फेडरेशन चषक स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली होती. ती १९८८ मध्ये जिंकणारा साळगावकर हा गोव्यातील पहिला क्लब ठरला आणि पुढील वर्षी त्याने ती पुन्हा जिंकली. मडगावजवळ फातोर्डा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभारले गेले व त्यानंतर १९८९–९० चा संतोष करंडकही गोव्याने स्वभूमीवर केरळला नमवून मिळविला. १९९१ मध्ये साळगावकर सोडल्यानंतर शंखवाळकर काही काळ चर्चिल ब्रदर्स क्लबात होते. खेळातून निवृत्त झाल्यावर ते गोलरक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळले. भारतात हा विषय तोवर स्वतंत्र मानला जात नव्हता. संघाचा एकच प्रशिक्षक सर्वांना शिकवी आणि गोलरक्षक बहुधा स्वतःच शिकत.

केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये मिळाला. या पुरस्काराचे फुटबॉलमधील यापूर्वीचे गोलरक्षक मानकरी पीटर थंगराज हे होत. त्यांना तो १९६७ मध्ये दिला गेला होता. दोन गोलरक्षकांमध्ये तीस वर्षांचे अंतर पडावे, आणि शंखवाळकरांनाही राष्ट्रीय संघातील कामगिरीनंतर दहा-अकरा वर्षांनी त्याचा लाभ व्हावा, ही गोष्ट उपेक्षेचीच म्हटली पाहिजे. त्यांच्यानंतर ब्रूनो कुतिन्यो या गोमंतकीय आघाडीच्या खेळाडूला २००१ मध्ये हा मान मिळाला. साळगावकर क्लबने १९९८–९९ मध्ये राष्ट्रीय लीगचे व २०१०–११ मध्ये आय-लीगचे विजेतेपद मिळविले. परंतु २०१६ मध्ये धेंपो व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह तो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला, आणि खाणउद्योगाच्या आधाराने चालणाऱ्या मोठ्या क्लबांचा राष्ट्रीय स्तरावरील अध्याय जवळजवळ संपला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.