जमिनीखालची दौलत, जमिनीवरची माणसं

गडचांदूरच्या माणसाला जमिनीखालच्या दौलतीची ओळख करून द्यावी लागत नाही. चुनखडीवर इथले सिमेंट कारखाने उभे राहिले, शेजारी राजुरा-बल्लारपूरला कोळसा आहे, आणि पूर्वेला दोनशे किलोमीटरच्या आत सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर. सुदानमध्ये तेलापायी काय झालं ते आपल्याला चटकन समजायला हवं.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊच्या बाजूला शेव्हरॉन या अमेरिकी कंपनीला तेल सापडलं. १९८३ साली उत्तर-दक्षिण यादवी पुन्हा पेटली. तेल हे तिचं एकच कारण नव्हतं, पण तेलाच्या पट्ट्यातली नुएर आणि डिंका गावं लष्कराने आणि त्याच्या टोळ्यांनी रिकामी केली, ती तेलासाठीच. कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीवर मानवाधिकार संघटनांनी इतका दबाव आणला की २००३ मध्ये तिने आपला २५ टक्के हिस्सा विकून टाकला. घेतला कोणी? आपल्या ओएनजीसी विदेशने. त्याच वर्षी सुदानचं कच्चं तेल मंगळूरला उतरलं आणि त्याच वर्षी पश्चिमेला दारफूर पेटलं.

दारफूरमध्ये मारणारे मुसलमान होते, मरणारेही मुसलमान. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मृतांचा अंदाज तीन लाखांपर्यंत दिला. आफ्रिकी संघाची अपुरी तुकडी सोडली, तर मोठी शांतिसेना प्रत्यक्ष जाण्याजोगा ठराव व्हायला जुलै २००७ उजाडला. सुदानच्या तेलाचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या चीनच्या हातात सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होता. मार्च २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष बशीरच्या अटकेचं वॉरंट काढलं, तर त्याच महिन्यात अरब लीगने दोह्यात त्याला सन्मानाने बसवून ते वॉरंट झिडकारलं. पॅलेस्टाईनसाठी आपल्या मशिदींत दुआ होते, व्हायलाच हवी. दारफूरच्या मजलूमांसाठी मी तरी एकदाही ऐकली नाही.

आता आपल्या बाजूला या. जून २००५ मध्ये छत्तीसगड सरकारने बस्तरच्या लोहंडीगुडात पोलाद कारखान्यासाठी टाटा स्टीलशी करार केला. त्याच महिन्यात शेजारच्या भागात सरकारच्या पाठबळाने सलवा जुडूम सुरू झालं. या दोहोंचा संबंध किती, यावर वाद आहे. तारखा मात्र शेजारी-शेजारी आहेत. नक्षलवाद्यांशी लढायचं म्हणून आदिवासी पोरांना महिना तीन हजारांवर विशेष पोलीस अधिकारी केलं आणि आदिवासींच्याच गावांवर सोडलं. रिकाम्या झालेल्या गावांचा आकडा ६४४ सांगितला जातो. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली २००७ मध्ये, निकाल आला ५ जुलै २०११ रोजी. न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. सरकारने नवा कायदा करून त्याच पोरांना सहायक दलात घेतलं!

गडचिरोलीतही मरणारा बहुधा गोंड-माडियाच. नक्षलवाद्यांनी ‘खबरी’ म्हणून मारलेला तो, आणि वर्दीतला जवानही पुष्कळदा तोच. एकट्या २००९ सालात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे मिळून ४८ पोलीस गेले. सुरजागडचा खाणपट्टा २००७ चा, सुमारे ३४८ हेक्टरचा. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथे सत्तरहून अधिक वाहनं जाळली. २०२१ पासून बंदोबस्तात खाण जोमात चालू झाली आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची परवानगी एक कोटीवर गेली. याच पहाडावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे, जानेवारीत तिथे यात्रा भरते. खनिजाचे कागद किती भराभर हलतात पाहा.

टाटांचा कारखाना झालाच नाही. २०१९ मध्ये लोहंडीगुडाच्या सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना जमिनी परत मिळाल्या, ही चांगली गोष्ट. पण सलवा जुडूमच्या काळात जे जीव घेऊन खम्मम, भद्राचलमच्या जंगलात पळाले, त्यांतले हजारो अजून तेलंगणातच आहेत. तिथे त्यांना आदिवासी असल्याचा दाखला मिळत नाही आणि ज्या झोपड्या त्यांनी घातल्या, त्या वनखातं मोडत असतं.