हलाल: सुरीपासून कॅप्सूलपर्यंत

'हराम' आणि 'हलाल' हे शब्द मराठीला नवे नाहीत. कष्ट न करता खाणाऱ्याला आपण हरामखोर म्हणतो, लबाडीच्या कमाईला हरामाचा पैसा म्हणतो. मूळ अरबी अर्थही साधा आहे. धर्माने ज्याची मुभा दिली ते हलाल, ज्याला मनाई केली ते हराम. कमाई, व्यवहार, वागणूक या सगळ्यांना हे शब्द लागू होतात. अन्न हा त्यातला एक भाग.

आज मात्र 'हलाल' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मटणाचे दुकान येते. दवाखान्यात हा शब्द वेगळ्या वाटेने येतो. कॅप्सूलचे कवच कशाचे? इन्सुलिन कुठून येते? लसीत डुकराचे काही असते का? हे प्रश्न रास्त आहेत. अडचण अशी की अनेक पेशंट ते विचारतच नाहीत. शंका मनात ठेवून औषध गुपचूप बंद करतात, आणि डॉक्टरला ते कळते तेव्हा आजार वाढलेला असतो. म्हणून हलालचा नियम मुळात काय आहे आणि तो औषधाच्या बाटलीपर्यंत कसा पोहोचला, हे समजून घेऊ.

मूळ नियम

सातव्या शतकातल्या अरबस्तानात कुराणाने अन्नाबद्दल जी मनाई घातली, तिची यादी लहान आहे. आपोआप मेलेले जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेले जनावर. गळा आवळून, उंचावरून पडून, शिंग लागून किंवा हिंस्र प्राण्याच्या हल्ल्यात मेलेले जनावर हेही मेलेल्यातच धरले आहे. मद्याला वेगळी मनाई आहे. पैगंबरांच्या वचनांच्या आधारे पुढे सुळे असलेली हिंस्र जनावरे आणि शिकारी पक्षीही वर्ज्य मानले गेले. बाकी अन्नाबाबत बहुतेक शास्त्र्यांची भूमिका अशी की, मनाई नसेल ते चालते. भाज्या, धान्य, फळे, दूध यांबद्दल प्रश्नच नाही.

चालणाऱ्या जनावरालाही कापण्याची रीत आहे. जनावर जिवंत हवे, सुरी धारदार हवी, कापताना अल्लाहचे नाव घ्यायचे आणि श्वासनलिका, अन्ननलिका व मानेतल्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहून जाऊ द्यायचे. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, त्याला विनाकारण त्रास देऊ नये, असेही सांगितले आहे.

महाराष्ट्राच्या गावगाड्याला ही रीत परकी नव्हती. मशिदीची देखभाल करणारा मुलाणी गावाचे बोकड कापायचा आणि त्याबद्दल त्याला गावाकडून हक्काचा वाटा मिळायचा.

सगळ्या मुसलमानांचे नियम मात्र तंतोतंत सारखे नाहीत. कायद्याचे वेगवेगळे पंथ आहेत. हनफी पंथात समुद्रातले फक्त मासे चालतात. कोळंबीबद्दल मतभेद आहेत आणि खेकडा चालत नाही. शाफई पंथ समुद्री अन्नाबाबत बराच मोकळा आहे. आपल्याकडे देशावरचे मुसलमान बहुतांशी हनफी, तर कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. पंथांचा हा फरक पुढे औषधांच्या बाबतीतही कामाला येतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

हलाल म्हणजे आरोग्यदायी का?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. 'रक्त निघून जाते म्हणून हलाल मटण निरोगी', असे काही जण सांगतात. जनावरे कापण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत मांसात उरणाऱ्या रक्ताच्या प्रमाणात फारसा फरक दिसलेला नाही. मटण धुताना जे लालसर पाणी निघते, त्याचा रंग मुख्यतः स्नायूंतल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो.

डुकराच्या मनाईचे कारण जंत हेच होते, असेही ठामपणे सांगितले जाते. कुराण त्याला अपवित्र म्हणते, वैद्यकीय कारण देत नाही. शिवाय मेंदूत होणारा पट्टकृमीचा आजार डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होत नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा पाण्यातून पोटात गेली की तो होतो. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो.

थोडक्यात, हलाल हा श्रद्धेचा नियम आहे. मांस सुरक्षित आहे की नाही हे जनावराची तब्येत, दुकानाची स्वच्छता, मांस किती थंड ठेवले आणि किती शिजवले यावर ठरते. हलाल मटणही उन्हात लटकत राहिले तर बाधते.

नियमातच असलेले दोन दरवाजे

पहिला दरवाजा गरजेचा. मनाईची यादी सांगणाऱ्या त्याच आयतींमध्ये कुराणाने लगेच सवलतही दिली आहे. हौसेने किंवा आज्ञा मोडण्यासाठी नव्हे, तर नाइलाजाने कुणाला निषिद्ध अन्न खावे लागले, तर त्याला पाप नाही. शास्त्र्यांनी याला 'दरुरा' म्हटले. आपला 'जरूर' आणि 'जरुरी' हे शब्द याच अरबी शब्दकुळातून फारसीमार्गे आले. जीव वाचवणे ही जरुरी, हे तत्त्व सगळ्या पंथांत मान्य आहे.

दुसरा दरवाजा रूपांतराचा, म्हणजे 'इस्तिहाला'चा. दारूचा आपोआप शिरका झाला तर तो चालतो, कारण आता ती दारू राहिलेली नाही. पदार्थाचे मूळ स्वरूपच बदलले, तर जुनी मनाई उरते का? हनफी पंथ हे तत्त्व बऱ्याच गोष्टींना लावतो. शाफई पंथ ते अगदी मोजक्या गोष्टींपुरते मान्य करतो.

कारखाने आले आणि प्रश्न बदलला

खाटीक ओळखीचा होता तोवर हलालची खात्री डोळ्यांसमोर होत असे. डबाबंद आणि पाकीटबंद अन्न आले तेव्हा ती सोय संपली. बिस्किटातली चरबी कुठली, हे बघून कळत नाही.

इंडोनेशियात १९८८ मध्ये बाजारातल्या अनेक खाद्यपदार्थांत डुकराची चरबी असल्याची बातमी पसरली आणि लोकांनी धडाधड खरेदी थांबवली. त्यानंतर १९८९ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने अन्न आणि औषधे तपासणारी स्वतःची संस्था उभी केली. त्यात धर्मशास्त्र्यांच्या जोडीला अन्नतज्ज्ञही होते. हलाल ठरवण्याचे काम प्रयोगशाळेत गेले ते असे.

२००१ मध्ये त्याच देशात अजिनोमोटोवरून वाद झाला. चव वाढवणारी ती पूड जिवाणूंच्या मदतीने बनते, आणि ते जिवाणू वाढवण्याच्या द्रावणासाठी डुकरापासून मिळवलेले एन्झाइम वापरले होते. तयार पुडीत डुकराचा अंश नव्हता. उलेमा परिषदेने तरीही ती हराम ठरवली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः धर्माचे अभ्यासक होते. त्यांनी ती हलाल असल्याचे सांगितले. इंडोनेशिया बहुतांशी शाफई आहे, हे इथे आठवावे.

औषधांचा मामला

१८३४ मध्ये पॅरिसमध्ये जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट घेतले गेले. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. गाय, म्हैस, डुक्कर, कधी मासे. त्यामुळे हा प्रश्न मुसलमानांपुरता नाही. शाकाहारी हिंदू आणि जैन पेशंटही तोच विचारतात.

इन्सुलिनचे उदाहरण आशादायक आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. पुढची साठ वर्षे जगभरातले मधुमेही गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. मग जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचे तंत्र साधले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज आपल्याकडे वापरात असलेले इन्सुलिन बहुधा याच प्रकारचे असते. 'इन्सुलिन डुकराचे असते' या जुन्या समजुतीने ते टाळण्याचे कारण उरलेले नाही.

हेपॅरिनचे तसे झालेले नाही. रक्ताची गुठळी रोखणारे हे औषध १९१६ मध्ये सापडले. डायलिसिस, हार्ट अटॅक, मोठ्या शस्त्रक्रिया यांत ते लागते आणि आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून बनते. काही पेशंटसाठी फोंडापॅरिनक्ससारखा कृत्रिम पर्याय असतो, पण तो प्रत्येक ठिकाणी चालत नाही. इथे जरुरीचे तत्त्व कामाला येते.

१९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत शंभरावर धर्मशास्त्री आणि डॉक्टर, शास्त्रज्ञ एकत्र बसले. हाडा-कातड्यापासून जिलेटिन बनताना मूळ पदार्थाचे रूपांतर होते, म्हणून ते शुद्ध आणि खाण्यास चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्यसागरी विभागाने तो पत्राद्वारे कळवला. सगळ्यांनी तो मानला असे नाही.

पुण्याची लस, इंडोनेशियाचा फतवा

ही असहमती किती महाग पडू शकते, हे २०१८ मध्ये दिसले. इंडोनेशियाने गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम दोन टप्प्यांत आखली होती. लस होती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. २०१७ मध्ये जावा बेटावर पहिला टप्पा झाला आणि ९५ टक्के मुलांचे उद्दिष्ट पार पडले.

दुसऱ्या टप्प्याच्या वेळी लसीच्या हलाल असण्याबद्दल प्रश्न उठला. २० ऑगस्ट २०१८ ला उलेमा परिषदेने फतवा काढला. लस बनवताना डुकरापासून मिळवलेला घटक वापरला आहे, म्हणून ती हराम. पण गरज आहे, हलाल पर्याय मिळालेला नाही आणि लस न दिल्याचा धोका तज्ज्ञांनी सांगितला आहे, म्हणून ती देण्यास मुभा. वाक्य दोन भागांचे होते. लोकांपर्यंत मुख्यतः पहिला भाग पोहोचला. दुसरा टप्पा सुमारे ७३ टक्क्यांवर थांबला. आचे प्रांतात तर दहा टक्के मुलांनाही लस मिळाली नाही.

लस न मिळण्याचा अर्थ असा. गोवरातून न्यूमोनिया आणि मेंदूज्वर होऊ शकतो. गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयातला दोष घेऊन जन्माला येऊ शकते. ज्या शास्त्र्यांनी लसीला हराम म्हटले, त्यांनीच याच धोक्यापायी ती घ्यायला मुभा दिली होती.

तुम्ही काय करावे

- शंका आली तर औषध बंद करण्याआधी विचारा. आम्हा डॉक्टरांना हा प्रश्न विचारल्याचा राग येत नाही, आणि येऊ नये.
- कॅप्सूल नको असेल तर तेच औषध अनेकदा गोळी किंवा सिरपमध्ये मिळते. सिरपमध्ये अल्कोहोल आहे का, हे लेबलवर बघता येते. वनस्पतीजन्य सेल्युलोजच्या कॅप्सूलही असतात. कॅप्सूल फोडून पूड घेणे मात्र स्वतःच्या मनाने करू नका. काही औषधे त्याने निकामी होतात किंवा एकदम जास्त प्रमाणात रक्तात जातात.
- ठरलेली शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस असेल तर आधीच सांगा. पर्याय शोधायला वेळ मिळतो. तातडीच्या वेळी तो नसतो.
- मौलानांचा सल्ला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण जाताना डॉक्टरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: औषध कशासाठी आहे, न घेतल्यास काय होईल आणि पर्याय आहे का. उत्तर याच तीन गोष्टींवर ठरते. उत्तर आले की ते पूर्ण ऐका, अर्धे नव्हे.