मिनामाता: एका लहान जपानी शहराची आणि त्याच्या नावाच्या आजाराची गोष्ट

गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला येते तेव्हा सोबतच्या सासूबाई किंवा आई खाण्याबद्दल हमखास विचारतात. पपई चालेल का, केशर द्यावं का, आणि घर मासे खाणारं असेल तर, "डॉक्टर, मासे द्यायचे की बंद करायचे?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज आम्ही डॉक्टर मंडळी ज्या खात्रीने देतो, ती खात्री एका गावाने फार मोठी किंमत मोजून आम्हाला दिली आहे. त्या गावाचं नाव मिनामाता. आजाराचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. आज गावाबद्दलही वाचा, कारण गाव समजल्याशिवाय आजार समजत नाही.

जपानच्या नकाशात सगळ्यात खाली, नैऋत्येला क्यूशू हे मोठं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांताच्या अगदी दक्षिण टोकाला मिनामाता आहे. पाठीमागे डोंगर, डोंगरातून येणारी एक छोटी नदी आणि समोर समुद्र. हा समुद्र मात्र आपल्या अरबी समुद्रासारखा उघडा नाही. पलीकडे अमाकुसा बेटांची रांग आहे आणि मधलं पाणी तळ्यासारखं शांत असतं. त्याला शिरानुई समुद्र म्हणतात. शिरानुई म्हणजे अनोळखी अग्नी. रात्री या पाण्यावर लांबवर दिवे तरंगल्यासारखे दिसतात, तो प्रकाशाचा भास आहे, पण नाव त्यावरूनच पडलं. या समुद्राच्या कडेला मिनामाताचा उपसागर, म्हणजे तळ्याच्या काठाला आणखी एक लहानसं आवार. लाटा कमी, पाणी उथळ, मासळी भरपूर. त्सुकिनोउरा, युदो, मोदो अशा कोळी वस्त्या या पाण्यावर पिढ्यान्पिढ्या जगत आल्या. तिथे मासा हे अधूनमधून खायचं पक्वान्न नव्हतं, ते रोजचं जेवणच होतं.

बंद पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच महत्त्वाची ठरते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिनामाता हे मासेमारी, शेती आणि मिठागरांवर चालणारं खेडं होतं. नोगुची शितागाऊ नावाच्या इंजिनिअरने १९०६ मध्ये जवळच्या डोंगरात, सोगी इथे जलविद्युत कंपनी काढली. वीज उरायला लागली, तेव्हा ती वापरायला १९०८ मध्ये मिनामातात कार्बाइडचा कारखाना आला. कार्बाइडपासून खत, खतापासून इतर रसायनं असा हा व्याप वाढत गेला. कंपनीचं नाव पुढे चिस्सो झालं. चिस्सो म्हणजे नायट्रोजन. १९१२ मध्ये गावाला नगराचा आणि १९४९ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. घरटी कोणी ना कोणी कारखान्यात, नाहीतर कारखान्यावर चालणाऱ्या दुकानात. दवाखाना कारखान्याचा, नगरपालिकेच्या कराचा मोठा वाटा कारखान्याचा. १९५० मध्ये महापौर झाले ते हाशिमोतो हिकोशिचीही याच कारखान्याचे माजी प्रमुख होते. अशा गावात कारखान्याविरुद्ध बोलायचं म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीत पाणी ओतायचं.

१९३२ मध्ये कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड बनायला लागलं. पुढे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं त्यापासूनच बनत. ही क्रिया घडवून आणायला पाऱ्याचा क्षार वापरत. क्रियेत थोडा पारा रूप बदलून मिथाइल मर्क्युरी होई आणि सांडपाण्याबरोबर हयाक्केन नावाच्या धक्क्याजवळ उपसागरात जाई.

इथे थोडं वैद्यकीय बोलू. थर्मामीटर फुटल्यावर जमिनीवर पळणारे चकचकीत गोळे पोटात गेले तर आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाहीत. धोका त्यांच्या वाफेचा असतो. मिथाइल मर्क्युरीचं तसं नाही. तो आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो. रक्तातून मेंदूत जाताना जो पहारा असतो, त्यालाही तो फसवतो, कारण प्रथिनातल्या एका घटकाला चिकटून तो मेथिओनिन या अमिनो आम्लासारखं सोंग घेतो. मेंदूला मेथिओनिन हवंच असतं, म्हणून दार उघडलं जातं. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत तो अगदी थोडा असतो. ते जीव लहान मासा खातो, लहान माशाला मोठा खातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. मोठ्या माशाला कोण खातं? मांजर. आणि माणूस.

आधी मांजरंच गेली. १९५३-५४ च्या सुमारास कोळी वस्त्यांतली मांजरं झोकांड्या खायला लागली, गोलगोल फिरायला लागली, समुद्रात पडून मरायला लागली. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. मोदो वस्तीत तर मांजरं इतकी संपली की उंदीर माजले आणि गावकऱ्यांनी उंदरांची तक्रार केली. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ती बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली. आज ती वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ती उंदरांची बातमी होती.

२१ एप्रिल १९५६ ला पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्या दवाखान्यात आणली गेली. चालता येईना, बोलणं अडखळत होतं, झटके येत होते. दोनच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीलाही तसंच व्हायला लागलं. शेजारीही असे रुग्ण आहेत, असं आईने सांगितलं. दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी १ मे १९५६ ला आरोग्य कार्यालयाला कळवलं: मेंदू आणि मज्जासंस्थेचा, कारण न कळलेला आजार पसरतो आहे. याच दिवशी हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला.

ऑक्टोबरपर्यंत ४० रुग्ण सापडले, त्यातले १४ दगावले होते. हातापायांना आणि ओठांना मुंग्या, शर्टाचं बटण लावता न येणं, दारुड्यासारखी चाल, नळीतून बघितल्यासारखी अरुंद होत जाणारी नजर, अडखळतं बोलणं. सुरुवातीला साथीचा रोग समजून घरं जंतुनाशकाने धुतली गेली, रुग्णांना वेगळं ठेवलं. आता विचार करा, तुमच्या घरावर ती फवारणी झाल्यानंतर दुकानदार तुमच्या हातून पैसे घेईल का? मिनामातात अनेकांचे घेतले नाहीत. साथ नाही हे लवकरच कळलं, पण बसलेला शिक्का गेला नाही. मुलामुलींची लग्नं अडली, म्हणून घरात आजार असूनही लोक तो लपवायला लागले.

कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की हे कुठल्या तरी जड धातूचं विष आहे आणि ते माशांतून येतं. मग धातू कोणता याचा शोध सुरू झाला. मँगनीज, सेलेनियम, थॅलियम असे संशयित एकेक करून तपासले गेले. इंग्लंडमध्ये १९४० मध्ये हंटर, बॉमफर्ड आणि रसेल यांनी मिथाइल मर्क्युरीची विषबाधा झालेल्या कामगारांचं वर्णन केलं होतं, त्याच्याशी इथल्या रुग्णांची लक्षणं तंतोतंत जुळली. २२ जुलै १९५९ ला विद्यापीठाने सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केलं.

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच. धातू नक्की कळला नव्हता तरी मासा हे वाहन आहे हे १९५६ मध्येच कळलं होतं. कॉलऱ्यात जंतूचं नाव कळेपर्यंत आपण विहिरीचं पाणी पाजत बसत नाही. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी १९५७ मध्ये केंद्राला विचारलं की अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली ही मासळी बंद करायची का. उत्तर आलं, उपसागरातले सगळेच मासे विषारी आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही. आणि १९५८ च्या सप्टेंबरमध्ये कारखान्याने सांडपाण्याचं तोंड उपसागराऐवजी नदीच्या मुखाकडे वळवलं. मग तिथून आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून नवे रुग्ण यायला लागले. प्रयोगशाळेत मुद्दाम केला असता तरी इतका स्पष्ट प्रयोग झाला नसता.

खरा प्रयोग मात्र होसोकावा करत होते. कारखान्याच्या दवाखान्यात बसून ते मांजरांना खाण्यात कारखान्याचंच सांडपाणी मिसळून देत होते. त्यातल्या ४०० क्रमांकाच्या मांजराला १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये तोच आजार झाला. त्यांनी कंपनीला सांगितलं. कंपनीने प्रयोग थांबवायला लावले आणि निष्कर्ष दाबून ठेवला. होसोकावा गप्प राहिले. पगार देणारा एक आणि रुग्ण दुसरेच, अशा खुर्चीत बसलेला डॉक्टर काय करतो, हा प्रश्न मला परका वाटत नाही, म्हणून त्यांना सहज दोष द्यायला जीभ वळत नाही. पण ते बोलले असते तर किती वर्षं वाचली असती, हेही मोजावंच लागतं. १९७० च्या जुलैमध्ये कॅन्सरने अंथरुणाला खिळलेले असताना, न्यायालयासाठी त्यांनी ४०० नंबरच्या मांजराची साक्ष दिली. तीन महिन्यांनी ते गेले.

मांजराचा निष्कर्ष हातात असताना कंपनीने ३० डिसेंबर १९५९ ला रुग्णांशी करार केला. त्याला नुकसानभरपाई म्हटलं नाही, सहानुभूतीचा पैसा म्हटलं: मोठ्या माणसाला वर्षाला १ लाख येन, मुलाला ३० हजार. अट अशी की पुढे दोष कारखान्याचा ठरला तरी जास्त मागायचं नाही. त्याच महिन्यात सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र गाजावाजा करून बसवलं. ते यंत्र पारा काढण्यासाठी नव्हतंच. गावाला वाटलं प्रश्न मिटला. लोक पुन्हा मासे खायला लागले.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. मिनामातात त्या वर्षांत काही बाळं जन्मतःच लुळी होती, मान धरत नव्हती, गिळता येत नव्हतं. डॉक्टरांनी निदान केलं सेरेब्रल पाल्सी. या मुलांनी मासे कधी खाल्लेच नव्हते, आणि आईच्या पोटातली वार विष अडवते असं तेव्हा पुस्तकात लिहिलेलं होतं. डॉ. हारादा मासाझुमी हे तरुण डॉक्टर १९६१ मध्ये वस्तीत गेले, तेव्हा एका घरात दोन भाऊ दिसले, लक्षणं अगदी सारखी. आईने सांगितलं, थोरल्याला मिनामाताचा आजार आहे आणि धाकट्याला डॉक्टर जन्मजात दोष म्हणतात. तिला मात्र ते पटत नव्हतं. पोटुशी असताना मासे तिने खाल्ले होते, तेव्हा विष बाळाकडेच गेलं असणार असं तिचं म्हणणं होतं. पुस्तक चूक होतं आणि ती बरोबर होती. दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये अशा १६ मुलांचा आजार मान्य झाला.

पुढे याचा पुरावा घराघरांतल्या लहान लाकडी डब्यांत सापडला. बाळाची सुकलेली नाळ जपून ठेवायची जपानमध्ये पद्धत आहे. हारादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नाळा तपासल्या. ज्या वर्षांत कारखान्याचं उत्पादन वाढलं, त्या वर्षांतल्या बाळांच्या नाळेत मिथाइल मर्क्युरीही वाढलेला निघाला.

म्हणून आज मी सांगतो ते असं: मासे बंद करू नका. बाळाच्या मेंदूला लागणारं बरंच काही त्यांत असतं. बांगडा, तारली असे लहान, थोडं जगणारे मासे चांगले. मोरीसारखे मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे गरोदरपणात टाळा.

कारखान्याने ही प्रक्रिया थांबवली ती मे १९६८ मध्ये, तीही पद्धत जुनी झाली म्हणून. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं २६ सप्टेंबर १९६८ ला. मधल्या काळात, १९६५ मध्ये, दूर उत्तरेला निगाता प्रांतात दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यामुळे हाच आजार पुन्हा झाला होता. २० मार्च १९७३ ला कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं आणि १९५९ चा तो करार रद्दबातल केला. सरकार आणि प्रांतही जबाबदार आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २००४ साल उजाडलं. मान्यताप्राप्त रुग्ण २,२०० हून थोडे जास्त आहेत. कमी लक्षणांच्या हजारो लोकांना वेगवेगळ्या तडजोडींतून काही ना काही मिळालं, आणि अनेकांना काहीच नाही.

उपसागराचा गाळ उपसायचं काम १९७७ ते १९९० चाललं. ४,८५० कोटी येन खर्च झाले. सगळ्यात विषारी गाळावर भराव घालून ५८ हेक्टर जमीन तयार केली. आज तिथे बाग आहे आणि पाण्याकडे तोंड करून रुग्णांनी स्वतः कोरलेल्या छोट्या दगडी मूर्ती आहेत. विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी लावलेलं जाळं १९९७ मध्ये काढलं. गावातल्या दुफळीवर १९९४ मध्ये महापौर योशिई मासाझुमी यांनी रुग्णांची जाहीर माफी मागून पहिला टाका घातला. त्यांनी त्याला दिलेला शब्द कोळ्यांचा होता, मोयाइ-नाओशी, म्हणजे सुटलेल्या होड्या पुन्हा एकमेकींना बांधणं. कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करणारं गाव म्हणूनही लोक आता मिनामाता बघायला येतात. वस्ती मात्र निम्म्याहून कमी झाली आहे. एके काळी ५० हजारांच्या आसपास होती. पाऱ्याच्या वापरावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, त्याला याच गावाचं नाव आहे. भारतही त्यात आहे. माझ्या टेबलावरचं पाऱ्याचं रक्तदाब यंत्र गेलं, त्यामागे हाच करार आहे.

पोटात असताना विष घेतलेली ती मुलं आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना भरवणारे आईवडील गेले. १ मे २०२४ ला, आजाराच्या नोंदीच्या दिवशी, पर्यावरणमंत्री मिनामातात रुग्णांच्या संघटनांना भेटले. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं होती. एक वृद्ध गृहस्थ आपल्या गेलेल्या पत्नीबद्दल सांगत होते. तीन मिनिटं झाली आणि मंत्रालयाच्या माणसाने माइक बंद केला. आठवड्याभराने मंत्री माफी मागायला पुन्हा मिनामाताला आले.