वाशिम (प्राचीन वत्सगुल्म) : स्थानिक इतिहास, पुरातत्त्व व भूस्तर

वाशिम : महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील वाशिम जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. त्या काळी तिचे नाव वत्सगुल्म. ब्रिटिश कागदपत्रांत ते ‘बासिम’ असे येते. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील हे स्थानक आज सोयाबीन, तूर व कापसाची मोठी बाजारपेठ आहे. अजिंठ्याच्या लेण्यांमागे ज्या राज्याचे वैभव उभे होते ते येथून चालत असे, ही गोष्ट मात्र विदर्भाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते.

भूस्तर : वाशिम पूर्वीच्या वऱ्हाडातील बालाघाट भागात, म्हणजे पूर्णा नदीच्या सखल पायनघाटाच्या दक्षिणेकडील पठारावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५५० मीटर आहे. पठार अजिंठा डोंगररांगेचाच पुढचा विस्तार असून दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, बेसाल्टचे बनले आहे. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर आले आणि थरावर थर थिजत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट व तडे गेलेला, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. या छिद्रांत पुढे गारगोटी, अकीक आणि झिओलाइट गटातील खनिजे साठली. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर ती पांढऱ्या, हिरवट स्फटिकांच्या रूपात दिसतात.

पाषाण झिजून मुरूम होतो आणि मुरमातून काळी माती तयार होते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. शेतकऱ्याला या भेगा चांगल्या परिचयाच्या आहेत, आणि उत्खनन करणाऱ्यालाही त्या लक्षात ठेवाव्या लागतात. वरच्या थरातील नाणे वा खापर भेगेतून खाली उतरले, तर काळाचा क्रम चुकू शकतो. याच कारणाने जुनी वस्ती काळ्या शिवारात न शोधता पांढरीच्या टेकाडांत शोधतात. राख, चुना, विटांचा चुरा आणि खापरे साचून ही टेकाडे उंच झालेली असतात.

वाशिमचे पठार जलविभाजक आहे. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला मिळते व तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते. पूस, अरुणावती आणि अडाण या नद्यांचे पाणी पैनगंगेत जाते आणि पुढे वर्धा, प्राणहिता व गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला पोचते. माथ्यावरच्या गावाला मोठ्या नदीचा आधार नसतो आणि काळा पाषाण पाणी साठवतो ते केवळ तड्यांत व झिजलेल्या थरांत. त्यामुळे वाशिमच्या इतिहासात तळ्यांना किल्ल्याहून अधिक महत्त्व आले. पद्मतीर्थ, देव तलाव आणि वाशिमजवळ हिस्से बोराळा येथे वाकाटकांच्या काळात बांधलेले ‘सुदर्शन’ ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत.

वाकाटक काळ : वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याची वाटणी झाली. त्याचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकाच्या दुसऱ्या चरणात वत्सगुल्म येथे स्वतंत्र शाखा स्थापन केली. दुसरा विंध्यशक्ती (विंध्यसेन), दुसरा प्रवरसेन, देवसेन आणि हरिषेण हे या शाखेचे प्रमुख राजे होत. नंदिवर्धनच्या ज्येष्ठ शाखेची माहिती आधीपासून होती. वत्सगुल्म शाखा १९३९ पर्यंत इतिहासाला अज्ञात होती. त्या वर्षी वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला.

हा ताम्रपट राजाच्या ३७व्या राज्यवर्षात वत्सगुल्म येथून दिलेला आहे. त्यातील वंशावळ संस्कृतात व दानाचा मुख्य मजकूर प्राकृतात आहे. नांदीकड, म्हणजे आजच्या नांदेड परिसरातील, एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ही नोंद होय. दानाबरोबर दिलेल्या सवलती तत्कालीन गावगाडा डोळ्यांसमोर उभा करतात. या गावात सैनिकांनी शिरू नये. रोख रक्कम किंवा धान्य मागू नये. फुले आणि दूध घेऊ नये. चामडे व कोळसा यांवर हक्क सांगू नये. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांसाठी खाट आणि जेवण मागू नये. इतर गावांना हा सारा भार सोसावा लागत होता, हे या यादीवरूनच उघड होते.

ताम्रपटामुळे अजिंठ्याच्या लेणे क्र. १६ मधील झिजलेल्या शिलालेखाचे वाचनही सुधारले. जुन्या वाचनात सर्वसेनाचे नाव सुटले होते. वा. वि. मिराशी यांनी वंशावळ ताडून पाहिली आणि हा लेख वत्सगुल्म शाखेचा असल्याचे दाखवून दिले. त्यांचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही अभ्यासकाला आरंभ तेथूनच करावा लागतो. अजिंठ्याचा हा लेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे. त्याचा पिता हस्तिभोज देवसेनाचा मंत्री होता. महायान काळातील अजिंठ्याची बहुतेक भव्य कामे हरिषेणाच्या राज्यकाळातली आहेत.

हिस्से बोराळा शिलालेख : देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधल्याची नोंद या लेखात आहे. त्यावर शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, असे वर्ष कोरलेले आहे. वाकाटकांच्या इतर लेखांत फक्त राज्यवर्षे असतात, शकवर्ष दिलेला असा लेख हा एकच. त्यामुळे देवसेन ४५८ मध्ये गादीवर होता आणि हरिषेण त्यानंतरचा, एवढे निश्चित होते. मिराशींनी हरिषेणाचा काळ सुमारे ४७५ ते ५०० असा मानला, तर वॉल्टर स्पिंक यांनी तो सुमारे ४६० ते ४७७ असा धरला. हा वाद अजिंठ्याच्या चित्रांच्या काळाचा आहे आणि त्यातला एक पक्का खुंटा वाशिमच्या शिवारात आहे. तळ्याचे नावही लक्षणीय आहे. जुनागडचा प्रसिद्ध सुदर्शन तलाव फुटल्यावर स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यांनी तो याच दशकात दुरुस्त केला होता.

वाङ्मयीन परंपरा : सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, मात्र आनंदवर्धन, कुंतक व हेमचंद्र यांनी त्याची दखल घेतली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म येथे लावला. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हणजे वत्सगुल्माची रीती म्हटले आहे. ‘कामसूत्रा’तही या नगराचा उल्लेख येतो. वत्सऋषींच्या तपामुळे हे क्षेत्र पावन झाले, अशी कथा स्थानिक ‘वत्सगुल्ममाहात्म्या’त सांगितली आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषातील लंका–उज्जैन मध्यरेषा येथून जाते अशी परंपरा मध्यमेश्वर मंदिराशी निगडित आहे. प्रत्यक्षात वाशिमचे रेखांश उज्जैनच्या पूर्वेला एक अंशाहून थोडे अधिक आहेत. तरीही नगराचे स्थान खगोलगणिताशी जोडण्याची परंपरा येथे टिकून राहिली, हे महत्त्वाचे आहे.

मध्ययुग व आधुनिक काळ : अकबराच्या काळात बासिम हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. ‘आईन-इ-अकबरी’त परिसरातील हटकरांच्या स्वाभिमानाचा व लढाऊ बळाचा उल्लेख आहे. मराठेशाहीत वाशिम कापडासाठी नावाजले होते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात नागपूरच्या जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल द्यावयाच्या नजराण्यात वाशिम व बाळापूर येथील कापडाचा समावेश होता. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७९ मध्ये बालाजीचे मंदिर बांधले. मोगलाईत लपवलेल्या मूर्ती पुढे पुन्हा सापडल्या व त्यांची येथे स्थापना झाली, अशी श्रद्धा आहे. मंदिराजवळचा देव तलावही भवानी काळू यांनीच बांधविला.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. पुढे बासिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ मध्ये तो मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटला गेला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. त्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान कारंजा आणि बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी ही जिल्ह्यातील अन्य महत्त्वाची स्थळे होत.

संवर्धन : वत्सगुल्माचा इतिहास भव्य अवशेषांतून समजलेला नाही. तो एका ताम्रपटातून, एका शिलालेखातून आणि ग्रंथांतील मोजक्या उल्लेखांतून उलगडला. जुने नगर आजच्या वस्तीखाली दडलेले असल्याने घराचा पाया, गटार किंवा विहीर खणताना नवे साधन हाती लागण्याची शक्यता मोठी आहे, आणि नष्ट होण्याचीही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे. असा पत्रा, नाणे किंवा कोरीव दगड आढळल्यास तो घासू नये, वितळवू नये, विकू नये. जागेची नोंद ठेवून तहसील कार्यालयात कळवावे.