फटी बुजविणाऱ्यांचा विमा

वैशाखाच्या तोंडावर आम्ही थंडीच्या वाऱ्याची कथा सांगायला बसलो आहोत, याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी. आपल्याकडे वारा खेळता राहावा म्हणून घराला समोरासमोर खिडक्या ठेवतात. विलायतेत गोष्ट उलटी. तेथे दाराखिडक्यांच्या फटींतून शिरणारा वारा घरातली ऊब पळवितो, म्हणून त्या फटी बुजविण्याचा धंदाच उभा राहिला. दाराखाली ब्रशची पट्टी, तावदानाच्या चौकटीला रबराची कड. काम किरकोळ दिसते. पण चार माणसे कामाला ठेवणाऱ्या कंत्राटदाराला तेथे विमापत्र घ्यावेच लागते. हा दंडक सहजासहजी आलेला नाही.

१८३५ साली एका खाटकाच्या गाडीत वाजवीपेक्षा अधिक मांस भरले गेले. गाडी मोडली आणि चार्ल्स प्रीस्टली या पोऱ्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. १८३७ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. लॉर्ड ॲबिंजर यांचा युक्तिवाद मासलेवाईक आहे: मालकाला असा जबाबदार धरला, तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणूनही घरचा नोकर मालकावर दावा लावील! पुढे १८८० आणि १८९७ च्या कायद्यांनी ही भिंत फोडली. आपल्याकडेही १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. परंतु हक्क मिळाला तरी मालकाची तिजोरी रिकामी असेल, तर कामगाराने काय करावे? त्याला उत्तर म्हणून इंग्लंडात १९६९ चा सक्तीच्या विम्याचा कायदा आला व १९७२ पासून तो लागू झाला. गंमत अशी की, सक्ती आहे ती कामगारांपुरती. गिऱ्हाइकाची किंवा वाटसरूची हानी झाली तर तिच्यासाठी घ्यावयाचा विमा आजही कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे.

शिडीवरून पडलेल्या माणसाचे प्रकरण सोपे. पडल्याचा दिवस ठाऊक असतो. धुळीचे तसे नाही. ऊब राखण्यासाठी नळांभोवती, बंबाभोवती, भिंतींच्या तक्त्यांत तेथे ॲस्बेस्टॉस वापरीत. (पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली ती थेट १९९९ मध्ये; त्यामुळे जुन्या घराच्या खिडकीखालचा तक्ता छेदताना तो आजही हाती येतो.) त्याचा तंतू फुप्फुसात गेला, तर त्याच्या आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर कंत्राटदार वारलेला, दुकान बंद, विमापत्र रद्दीत. १९९८ च्या नियमांनी विम्याची प्रमाणपत्रे चाळीस वर्षे जपण्यास सांगितले होते. २००८ साली तेही बंधन काढले.

कागद सापडला तरी तंटा संपत नसे. कित्येक जुन्या विमापत्रांत ‘विमाकाळात सोसलेली इजा’ एवढेच शब्द होते. विमा कंपन्या म्हणू लागल्या, इजा सोसली ती गाठ उद्भवली तेव्हा, आणि तेव्हा आमचा विमा संपलेला होता. विचार करा: धूळ खाल्ली त्या वर्षी हप्ता घेतलेला, आणि भरपाईच्या वेळी त्या वर्षाशी संबंध नाही! आमच्या मते हा व्याकरणाआड लपण्याचाच प्रकार होता. अपील न्यायालयाने मात्र २०१० साली काही विमापत्रांपुरता तो मानला. २०१२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला; ज्या वर्षी धूळ अंगात गेली, त्या वर्षीच्या विमाकंपनीने द्यावे, असे ठरले. खटला २००८ साली उच्च न्यायालयात उभा राहिला होता. या रोगात माणूस निदानानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षच काढतो, हे ध्यानी घेतले म्हणजे चार वर्षांचा अर्थ कळतो.

मालक वा विमाकंपनी यांपैकी कोणाचाच पत्ता लागत नाही अशांसाठी २०१४ साली कायदा होऊन विमाकंपन्यांच्या वर्गणीतून निधी उभारला गेला. २५ जुलै २०१२ च्या आधी निदान झालेल्यांना त्यातून काही मिळत नाही.