मेघाच्या वाटेवरची अळंबी

‘मेघदूता’तला यक्ष मेघाला रामगिरीहून अलकेची वाट सांगतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. वाटेच्या आरंभीच मेघाची गर्जना ऐकून जमिनीतून ‘शिलीन्ध्र’ वर येते. ते नेमके काय?

मल्लिनाथ त्याचा अर्थ ‘कंदली’ असा देतो. वामन शिवराम आपटे यांच्या कोशात मात्र भूछत्र आणि केळफूल असे दोन्ही अर्थ आहेत.

रानात अळंबी ओळखणारा केवळ रूपावर विसंबत नाही. ऋतू, माती आणि शेजार पाहतो. गोव्यातली ‘रोन अळमी’ वारुळावर सापडते, कारण तिची बुरशी वाळवीच वारुळात जोपासते. हीच रीत श्लोकाला लावून पाहू. ऋतू पावसाच्या सुरुवातीचा. वर राजहंस मानस सरोवराकडे निघालेले. निमित्त गडगडाटाचे; मेघगर्जनेने जमिनीतली कवके उगवतात, या समजुतीची चर्चा प्लूटार्कनेही केली आहे. शिवाय काही श्लोकांनंतर कालिदास कंदलीचा उल्लेख तिच्याच नावाने करतो. कवी एका वस्तूला दोन नावे देऊ शकतो, म्हणून हा पुरावा निर्णायक नव्हे. तरी पारडे भूछत्राकडे झुकते.

पण मराठीत खरी अडचण इथूनच सुरू होते. ‘भूछत्र’ पुस्तकी आहे. ‘कुत्र्याची छत्री’ म्हटले की तुच्छता आली. हिंदीतल्या ‘कुकुरमुत्ता’तही कुत्रा आहेच. ‘अळंबी’ म्हटले की खाण्याजोगी वस्तू डोळ्यांपुढे येते. रानात ही निवड जिवावर बेतू शकते: काही विषारी छत्र्यांची लक्षणे सहा तासांहून अधिक काळाने दिसतात, तोवर विष यकृतापर्यंत पोचलेले असते. अनुवादात जीव जात नाही, पण चुकीच्या शब्दाने श्लोकाचा शकुन बदलतो.

शकुनाचे सूत्र मल्लिनाथाकडेच सापडते. शिलीन्ध्र उगवणे हे पुढच्या भरघोस पिकाचे चिन्ह, असे तो नोंदवतो. म्हणजे त्याने दिलेला अर्थ बाजूला ठेवला, तरी त्याची टीप सोडता येत नाही.

दिल्लीत कोपर्निकस मार्गालगतच्या रवींद्र भवनात साहित्य अकादमीचे काम २४ भाषांत चालते. यांतल्या प्रत्येक भाषेत छत्रीला आपले नाव आणि त्या नावाला आपली चव आहे. ‘शिलीन्ध्र’ तसाच ठेवणे सोपे, पण मग मराठी वाचकाला काहीच उगवलेले दिसत नाही. पावसाची वर्दी आणि सुगीची आशा, दोन्ही पेलणारा शब्द हवा असेल, तर मी ‘अळंबी’च घेईन.