बुडणारा माणूस ओरडत नाही. काठावरच्यांनी ही लक्षणे ओळखा

निघोजे (ता. खेड) : सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतो. नदीवर तसं होत नाही. तिथं माणूस गुपचूप जातो. बरोबरचे दहा फुटांवर असतात, त्यांना वाटतं गडी पोहतोय. कळेपर्यंत पाणी शांत झालेलं असतं.

आपली इंद्रायणी काही वर्षांत किती जणांना घेऊन गेली ते आठवा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्याच्या लोंढ्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण गेले. १४ मार्च २०२५ ला धुळवड खेळून किन्हईजवळ नदीत उतरलेले तीन तरुण बुडाले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. त्याच वर्षी अनंत चतुर्दशीला चाकण परिसरात विसर्जनावेळी वेगवेगळ्या ठिकाणी माणसं पाण्यात गेली.

बुडतोय हे कसं ओळखायचं?

ओरडायला आधी श्वास लागतो. तोंड पाण्याखाली-वर होत असताना माणूस जेमतेम श्वास घेतो, आवाज फुटत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. अशी धडपड २० ते ६० सेकंदच टिकते. लहान मूल त्याहूनही लवकर खाली जातं. लक्षणे अशी :

- डोकं मागे झुकलेलं, तोंड उघडं आणि पाण्याच्या पातळीला
- शरीर पाण्यात उभं, पाय मारत नाही, पुढे सरकत नाही
- हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतो. हात हलवून बोलवत नाही
- केस डोळ्यांवर आले तरी बाजूला करत नाही, नजर हरवलेली
- हाक मारली तर उत्तर नाही

शेवटची खूण सगळ्यात सोपी. "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारा. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर लगेच हालचाल करा. खेळणारी पोरं कलकल करतात. ती एकदम गप्प झाली की आधी पाण्याकडे बघा.

आपल्याकडे धोका कुठे?

*नदी :* वरून पाणी संथ दिसतं, पण वाळू उपशाचे खड्डे आणि डोह खाली असतात. कमरेएवढ्या पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरून पाण्यात जातो. जलपर्णी आणि फेसामुळे तळ दिसत नाही, जलपर्णीच्या मुळ्यांत पाय अडकतात. पावसाळ्यात आंद्रा, वडिवळे धरणांतून विसर्ग सुरू झाला की इकडे ऊन असलं तरी पाणी चढतं.

*बंधारा :* पाणी पडतं तिथं खाली भोवरा तयार होतो. तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येऊ देत नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर असलं तरी पाय उचलतं, त्यामुळे पुलावरून पाणी जात असताना गाडी घालू नका.

*शेततळं :* प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने निसरडा होतो. पोहता येणाराही चढून बाहेर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेली दोरी आत सोडा, हवा भरलेली एक ट्यूब कायम टाकून ठेवा, भोवती कुंपण करा. खर्च थोडा आहे.

*खाणी :* मोशीकडच्या दगडखाणींसारख्या ठिकाणी उतरायला कड नाही, खोली कळत नाही आणि पाणी खाली थंडगार असतं.

आपल्या पट्ट्यात कंपन्यांत कामाला आलेली बाहेरगावची पोरं खोल्या करून राहतात. सुट्टीला नदीवर जातात, पण त्यांना या पाण्याची माहिती नसते. खोलीमालकांनी दोन शब्द सांगावेत.

कोणी बुडताना दिसलं तर

१. आरडाओरडा करून माणसं गोळा करा. एकाने लगेच ११२ ला फोन करावा, रुग्णवाहिकेसाठी १०८.
२. उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.
३. बांबू, फांदी पुढे करा. स्वतः जमिनीवर आडवे पडा. साडी, धोतर, दोरी फेका.
४. तरंगणारं काहीही टाका : ट्रॅक्टरची ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, घागर.

बाहेर काढल्यावर

पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, कुंभाराच्या चाकावर फिरवणं हे प्रकार बंद करा. यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न श्वासनळीत जाऊ शकतं. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. श्वास नसेल तर डोकं मागे करून, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोरात दाबा, पुन्हा दोन श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेलेलं असेल तर काही तासांनीही त्रास वाढतो.

पूर्वी विहिरीत पोरांना पांगाऱ्याचा ओंडका किंवा वाळलेला भोपळा बांधून, वर दोरी धरून पोहायला शिकवायचे. विहिरी राहिल्या, शिकवणारे कमी झाले. या उन्हाळ्यात गावातल्या जाणत्यांनी पोरांना शिकवायला घ्यावं. शिकलेल्यानंही एकट्यानं आणि दारू पिऊन पाण्यात उतरू नये.